नुसता दगड

एकाहत्तरच्या लढाईनंतर सुट्टीवर आलेल्या सयाजीनं पलटणीतल्या मेलेल्या दोस्ताच्या पोरांना युरियाच्या पिशवीचं पॅराशूट करून दिलं. सुतळीनं दगड बांधून माळवदावरून सोडलं, की ते तरंगत अंगणात उतरायचं. दर वेळी उघडलं.

"मग इमानातनं उडी मारली तवा आमच्या आबांचंच कसं उघडलं न्हाई?" धाकट्यानं खालून विचारलं.

दारात उभी असलेली त्यांची आई, अंजना, म्हणाली, "भावजी, पिशवी सोडवा. नुसता दगड टाका."

सयाजीनं टाकला. थाडकन आवाज आला.

"एवढाच येळ लागतो?"

"एवढाच, वैनी."

ती पदराला हात पुसत चहा ठेवायला आत गेली.

"काका," माळवदावरचा थोरला हळूच म्हणाला, "इमान एवढंच उंच उडतं व्हय?"

"जा, दगड घिऊन ये," सयाजी म्हणाला.