नंबर तोच

फ्लॅटचं दार सताड उघडं टाकून यमुताई नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. फोनवरची मुलगी म्हणाली होती, “पत्ता दिसतोय इथं, आजी. निघालीच अॅम्ब्युलन्स.”

इंटरनेटवरचा तो बिनतारी फोन लेकानं जुन्या घरून आणून इथं जोडला होता. “बघ आई, नंबरसुद्धा तोच!” फोन कंपनीकडे पत्ता बदलायचं मात्र राहून गेलं.

ड्रायव्हरचा फोन आला. “आजी, दाराला बाहेरून कुलूप कसं?”

“दार उघडंच आहे, बाळा.”

“अहो, अंगणात प्राजक्त आहे तेच ना घर?”

ते जुनं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला राहिलं होतं. यमुताईंनी खाली पाहिलं. मांडीवरचा श्वास थांबला होता. त्या नवऱ्याच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या.

“फुलं पडलीत का रे खाली?” त्यांनी विचारलं.