फोन उचलायचा नाही

चुलीपाशी ठेवलेला फोन टुणटुणला, तशी साइराकान पिठाच्या हातांनिशी धावली. रिंग नव्हती, संदेश होता. ‘शेजारी देशात आपलं स्वागत आहे. आपल्या खात्यात पुरेशी शिल्लक नाही.’

“मेल्यांनो, मी माझ्याच घरात आहे!” ती फोनवर खेकसली आणि तिथेच मटकन बसली. तीन दिवस हेच चाललं होतं. उठायचं, धावायचं, बसायचं. गुडघ्यांनी आता कुरकुरायचंही सोडलं होतं.

कालव्याच्या अलीकडे किरगिझ, पलीकडे ताजिक. तिची ऐझादा पलीकडच्या दिलशोदला दिलेली. पूर्वी इथून शोरब्याचं भांडं घेऊन निघालं, की तिथे पोचेपर्यंत वाफ निघत असायची. मग गोळ्या झाडल्या गेल्या, पूल बंद झाला, काटेरी तार आली. आता हाक मारली तरी चौकीतला शिपाई शिट्टी फुंकायचा. उरला फोन, आणि त्याला परदेशाचे दर. तेही तीनशे पावलांसाठी! त्यात साइराकानचं स्वयंपाकघर असं अवघड जागी, की तिथे फोन पलीकडचाच टॉवर धरायचा. म्हणजे नुसता उचलला तरी पैसे गेलेच.

म्हणून तिनेच नियम घातला होता. फोन उचलायचा नाही, फक्त रिंग द्यायची. तीन रिंगा म्हणजे कळा सुरू झाल्या. दोन म्हणजे बाळ-बाळंतीण सुखरूप. एक म्हणजे तुझी रिंग मिळाली, मी बरी आहे.

मंगळवारी सकाळी तीन आल्या. नियम तिने केला आणि मोडलाही तिनेच.

“आई, उचललास कशाला? ठेव, पैसे जातील!”

“जाऊ देत मेले. तू कण्ह, मी ऐकते आहे.”

आणि ती ऐकत राहिली. ऐझादाचं पहिलं बाळ रडलंच नव्हतं. त्या वेळी साइराकानने आपल्या आईच्या घागऱ्याचं झबलं शिवून पाठवलं होतं. म्हातारी ब्याण्णव वर्षं जगली, तिचं आयुष्य बाळाला लागावं म्हणून. बाळाचं पहिलं झबलं आधी घरच्या कुत्र्याच्या गळ्यात बांधायचं आणि मग बाळाला घालायचं, अशी त्यांची रीत. बाळ कुत्र्यासारखं चिवट होतं म्हणे. पण बांधायचं ते बाळ जगलं तरच, आणि तेही बाळाच्या आईनेच, स्वतःच्या हाताने. पहिल्या खेपेला ते झबलं घडी करून पेटीत गेलं होतं.

तर, ती ऐकत राहिली आणि लेकीची किंकाळी अर्ध्यावर असतानाच पैसे संपले. त्याच दुपारी वाऱ्याने विजेचे खांब आडवे केले. आपला टॉवर मेला. पलीकडचा होता, पण रिकाम्या खात्यावर तो रिंग कशाला देतो! पैसे भरायचं यंत्र खालच्या गावच्या दुकानात, तेही विजेवर चालणारं.

दीर तोक्तोसुन दारात आला, टोपी काढून टेकला.

“वहिनी, किती बघशील त्याच्याकडे? अशाने तो पिल्लं घालणार नाही.”

“तुझा फोन चालू झाला का?”

“कसला चालू होतोय! गावातले सगळे गार पडलेत. तुझ्या या बटणांच्या डबड्यातच काय ती धुगधुगी.”

“डबड्याला काय चाटायचंय? जे वाजायचं, ते मी बोलून संपवलं.” मग तिचा आवाज फुटला. “तोक्तोसुन, माझी पोर गेली असेल तर? मी ठेवला असता फोन, तर निदान कळलं तरी असतं रे.”

तोक्तोसुनने टोपी हातात फिरवली. 

तेवढ्यात अंगणात कुत्रं भुंकलं. दोघांनी वळून पाहिलं. पांढऱ्या छातीचा अक्तोश! याच अंगणात वाढलेला, ऐझादाच्या वरातीमागे धावत गेला तो तिकडचाच झालेला. तार आल्यापासून इकडे दिसला नव्हता. पोटापर्यंत भिजलेला होता. गळ्यात विटक्या निळ्या चौकड्यांचं काहीतरी लोंबत होतं.

“अरे लबाडा, कालव्यातून आलास?” तोक्तोसुन हसत सुटला. “ना पासपोर्ट, ना शिक्का! वहिनी, बघ तर खरं...”

वहिनी बघतच होती. आईच्या घागऱ्याची चौकडी तिने डोळे मिटूनही ओळखली असती. तिने कुत्र्याच्या मानेखाली हात घातला. गाठ उलटी होती. लहानपणापासून ऐझादाच्या सगळ्या गाठी अशा उलट्याच, डावखुऱ्या. किती ओरडली होती ती पोरीला त्यापायी! साइराकानने कुत्र्याच्या ओल्या केसांत तोंड खुपसलं आणि तीन दिवसांचं सगळं रडून घेतलं.

आत चुलीपाशी फोन पुन्हा टुणटुणला. ती जागची हलली नाही.

जरा वेळाने तिने डोळे पुसले. झबलं परत जायला हवं होतं, बाळाच्या अंगात चढायचं होतं ते. ऐझादाची गाठ तिने सोडली नाही. झबल्याच्या बाहीला मात्र स्वतःच्या हाताने एक गाठ मारली, सरळ आणि घट्ट.

“आता दुसरीही मार,” तोक्तोसुन म्हणाला. “दोन म्हणजे सुखरूप ना?”

“तिने कळवलं ते,” साइराकान कुत्र्याला कालव्याकडे वळवत म्हणाली. “माझी एकच.”