उरलेली चाळीस

"सर, परत कमी झालीत," एमिली संगणकावरची नजर न काढता म्हणाली. "काल सकाळी सहा हजार चारशे पुस्तकं चढलेली. दिवसभरात मी आणखी शंभर चढवली. मग आज सहा हजार पाचशे नकोत? आहेत सहा हजार चारशे वीस."

फेबियन चपापला. पुस्तकं कमी झाली म्हणून नव्हे, ऐंशी कमी झाली म्हणून. त्याने तर चाळीसच पुसली होती.

"मशीनच ते, गिळलं असेल," तो म्हणाला आणि उगाच चष्मा पुसत बसला.

निर्मळ गावच्या या वाचनालयात फेबियन चौतीस वर्षं ग्रंथपाल होता. सगळं जग मोबाइलवर गेलं तेव्हा कुठे कार्यकारिणीला जाग आली आणि संगणक आला. जाडजूड रजिस्टरांतलं एकेक पुस्तक त्यात चढवायचं, बारकोड चिकटवायचा. त्यासाठी एमिलीला करारावर घेतलं. फेबियनने राजीनामा दिला होता, पण अध्यक्षांनी बजावलं, "शेवटचं पुस्तक चढेपर्यंत तुम्हाला सोडत नाही हं, सर."

हे ऐकून फेबियनला केवढं हायसं वाटलं होतं! कारण इथून सुटायचं म्हणजे कॅनडाला जायचं.

चार वर्षांपूर्वी त्यांचा एकुलता एक मुलगा क्लिफर्ड तिकडे गेला, तेव्हा इझाबेल विमानतळावर अशी काही रडली की फेबियनने तिथल्या तिथे बायकोला शब्द दिला. वाचनालयातून मोकळा झालो की आपण दोघं त्याच्याकडे, कायमचे. शब्द दिला खरा, पण घरी पोचेपर्यंत तो पस्तावला. घरामागे केळीची वाडी, आईबाबांची थडगी चर्चच्या आवारात, सायकलवरून निघालं की वाटेत दहा जण हाका मारणार. तिकडे बर्फात त्याला कुत्रं विचारणार नव्हतं. पण बायकोपुढे बोलायची सोय कुठे होती? दर रविवारी फोनवर ती लेकाला सांगायची, "मी एका पायावर तयार आहे रे! तुझ्या डॅडींचं वाचनालय सुटेल तेव्हा ना!" बॅगासुद्धा तिने माळ्यावरून काढून ठेवल्या होत्या.

म्हणून एमिली पाचला गेली की साडेपाचला फेबियन संगणकापुढे बसायचा. पडद्यावर एका वेळी चाळीस नावं दिसत. कुठलंही जुनं पान काढून तो एका बोटाने ती सगळी पुसायचा. तेवढंच जाणं लांबलं. त्याला पासवर्ड लक्षात राहत नाही म्हणून पडद्याखाली चिठ्ठी डकवलेली होती.

मग उरलेली चाळीस कोण पुसत होतं?

दुसरं कोण, एमिलीच! काम संपलं की तिचा करार संपणार. आहे हुशार, फेबियनने मनात म्हटलं.

एक वाजता एमिली स्कूटरवरून घरी जेवायला गेली आणि रोजच्यासारखी इझाबेल डबा घेऊन आली.

"अजून किती राहिली हो?"

"साडेतीन हजार."

"कालही साडेतीनच होती की!"

"एमिली म्हणते, रोज ऐंशी गायब होतात."

"ऐंशी?" इझाबेलच्या हातातला चमचा थांबला. "नक्की ऐंशी?"

"तीच पोर काहीतरी घोळ घालत असणार."

"तिच्या नावाने कशाला खडे फोडता? वालीवच्या कंपनीत मी टायपिंगला होते, तेव्हा साहेबसुद्धा सगळं माझ्यावरच ढकलायचा." तिने भात जरा जोरातच वाढला.

जेवून फेबियन आतल्या बाकावर अर्धा तास आडवा झाला. तो उठेपर्यंत इझाबेल बाहेर मासिक चाळत बसायची, मग रिकामा डबा घेऊन घरी जायची.

शुक्रवारी अध्यक्ष आले, आकडे पाहिले आणि उभ्याउभ्याच एमिलीला म्हणाले, "तुझ्या कामात गडबड आहे. सोमवारपासून दुसरी मुलगी बघतो."

एमिली ओक्साबोक्शी रडली. "माझं काय चुकलं, सर?"

फेबियनला स्वतःची लाज वाटली. या पोरीने काही केलेलं नाही, हे तिचं रडणं बघून त्याला कळलं. खरं सांगावं तर इझाबेलचं मन मोडणार, गप्प बसावं तर एमिलीच्या पोटावर पाय येणार. त्या रात्री तो धड जेवला नाही.

शनिवारी दुपारी एमिली घरी गेलीच नाही. इझाबेल डबा उघडत होती.

"सर, मी सॉफ्टवेअरवाल्यांना फोन केला. कोणी कधी काय पुसलं ते सगळं मशीन लिहून ठेवतं म्हणे. आता काढते."

"अगं, आधी दोन घास खाऊन घे," फेबियन घाईघाईने म्हणाला.

"नाही सर, आधी हेच." तिने दोन-चार कळा दाबल्या. "हे बघा. रोज संध्याकाळी साडेपाच, चाळीस पुस्तकं. पासवर्ड..." ती अडखळली. "सर, तुमचा आहे."

फेबियन उठून उभा राहिला.

"मीच पुसली. एमिलीचा काही दोष नाही, अध्यक्षांना मी सांगेन." मग इझाबेलकडे न बघता तो म्हणाला, "मला नाही जायचं कॅनडाला. तुला शब्द दिला होता, पण नाही जमणार गं मला. इथून उठलो तर मी मरून जाईन."

इझाबेलने उघडलेला डबा परत बंद केला.

"पण सर, अजून आहेत," एमिली पडद्याकडे बघत हळूच म्हणाली. "रोज दुपारी पावणेदोन. तीही चाळीसच, पासवर्डही तुमचाच. पण पावणेदोनला तर तुम्ही आत झोपलेले असता ना?"

डबा तसाच हातात धरून इझाबेल खुर्चीत बसली.

"म्हणजे," ती फेबियनकडे बघत म्हणाली, "उरलेली चाळीस तुम्ही पुसत होता?"