वाहतं पाणी

गुलाबने पंप उलटा धरला आणि पोलादी दांड्यावरून अंगठ्याचं नख ओढलं. नखात लाल भुकटी आली. भुकटीखाली दांडा गुळगुळीत नव्हता. सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे पडले होते. स्क्रूंची डोकी झिजून गोल झाली होती. हा दांडा त्याने स्वतः बसवला होता, होळीच्या आधी. तेव्हा तो कोरा होता.

काचेच्या पेटीत एक मासा कडेला होऊन तरंगत होता. बाकीचे पाण्याच्या वर तोंड काढून हवा ओढत होते.

आज चालू होईल का, असं आनंदाबाईंनी दुसऱ्यांदा विचारलं. होईल, असं गुलाब दुसऱ्यांदा म्हणाला.

पेटी त्यांच्या मुलाने, चंद्रभानने, भिलाईला नोकरीवर जाण्याआधी नागपूरहून आणून दिली होती. तिला त्याने कुलरचा पंप जोडला होता. मोटर वर कोरडी, दांडा खाली पाण्यात. पाणी नळीतून वर चढायचं आणि बारीक धारेने परत पेटीत पडायचं. ती धार सगळ्या घरात ऐकू यायची. त्या घरात ऐकण्यासारखं दुसरं काही नव्हतं. धार बंद पडली की आनंदाबाई गुलाबला निरोप पाठवायच्या, तो यायच्या आत अंगणात स्टूल मांडून ठेवायच्या, आणि तो गेल्याशिवाय स्टूल हलवत नसत.

सिंदीत स्टेशनजवळ गुलाबचं दुरुस्तीचं दुकान होतं. बायको गेल्यापासून तो दुकानाच्याच मागच्या खोलीत राहायचा. कुलरचे पंप त्याने इतके उघडले होते की पाणी कोणत्या विहिरीचं, हे तो दांडा पाहून सांगायचा. विहिरीच्या पाण्याने दांड्यावर पांढरा थर धरतो. तो खरवडला की खाली लोखंड शाबूत असतं. इथे पांढरा थर जेमतेम होता, आणि लोखंडच खाल्लं गेलं होतं.

मागच्या खेपेला त्याने पाणी खारं आहे का म्हणून विचारलं होतं. खारंच हाय, असं आनंदाबाई म्हणाल्या होत्या. सिंदीत डाळ न शिजणाऱ्या प्रत्येक विहिरीला खारीच म्हणतात, म्हणून त्याने पुढे काही विचारलं नाही. दोष दांड्याला दिला आणि नागपूरहून दुसरा मागवला. तो हा.

एक गोष्ट मात्र त्याला खुपत होती. गेल्या वर्षी, शहाऐंशीच्या उन्हाळ्यात, त्याला पहिल्यांदा बोलावलं तेव्हा नुसती वायर तुटली होती. जुन्या दांड्यावर गंजाचा ठिपका नव्हता. गंज सुरू झाला तो त्याचा हात लागल्यानंतर.

त्याने पेटीत बोट बुडवलं आणि जिभेवर ठेवलं.

"अवं, माश्याचं पाणी हाय ते," आनंदाबाई म्हणाल्या.

गुलाब थुंकून आला. त्याने तोंड पुसलं आणि पुन्हा स्टुलावर बसला.

"मावशी, याच्यात मीठ कोण टाकते?"

आनंदाबाईंनी पेटीकडे पाहिलं, मग मेलेल्या माशाकडे.

"मीच टाकते. त्यानं होते काय असं?"

"त्यानंच होते. काऊन टाकता?"

"दृष्ट काहाडली का मिरच्या चुलीत टाका लागते अन् मीठ वाहत्या पाण्यात. नाला आटला. पुलाखालच्या पाण्यापावतर माह्यानं जाणं होत नाई. घरात वाहतं पाणी म्हणजे एवढंच."

भिंतीवर चंद्रभानचा लग्नातला फोटो होता. गुलाब त्याच्याकडे पाहत म्हणाला की आईचा जीव आहे, दूरच्या मुलाची दृष्ट काढावीशी वाटणारच. पण अशाने मासे राहायचे नाहीत.

"त्याची कायले काहाडू? त्याची काहाडाले त्याची बायको हाय." आनंदाबाईंनी स्टुलाकडे बोट केलं. "तुमची काहाडते. तुमी गेले का या स्टुलावरून उतरवते. पयल्या दिवशी तुमचा हात पोळेल होता, तुमीच म्हणे का घरी पाहाले कोणी नाई."

गुलाबने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. इथून परतताना गल्लीच्या वळणावर त्याला दर वेळी ठसका लागायचा. कोणाच्या घरची फोडणी असेल, असं समजून तो पुढे जायचा.

त्याने पेटीतलं निम्मं पाणी काढलं आणि आनंदाबाईंनी शेंदून ठेवलेलं ओतलं. पिशवीतला दुसरा दांडा बसवला, स्क्रू बदलले, पंप लावला. नळी गुरगुरली आणि धार पडू लागली. मासे एक एक करून खाली गेले. आता हा दांडा वर्षानुवर्षं जाईल, मला बोलवायचं काम पडणार नाही, असं त्याने सांगितलं. आनंदाबाईंनी बरं म्हटलं. त्याने पक्कड, पेचकस पिशवीत भरले, चपला घातल्या. आनंदाबाई दाराशी उभ्या राहिल्या. स्टुलाला त्यांनी हात लावला नाही.

गुलाब फाटकापर्यंत गेला. तिथून परत आला, पिशवी खाली ठेवली आणि स्टुलावर बसला.

"आता बसलो हाओ तवाच काहाडा," तो म्हणाला. "अन् दर शनवारी काहाडत जा. मीठ मी नेत जाईन. पूल माह्या वाटंतच हाय."

आनंदाबाई मीठ आणायला आत गेल्या. पूल स्टेशनच्या उलट दिशेला, गावाच्या दुसऱ्या टोकाला होता.