बारा वाजेपर्यंत गप्प

"बुडालेल्या गावाचीच कादंबरी! लावा पैज," पुस्तकं जमवणाऱ्या घारपुरेसरांनी दुकानाच्या टेबलावर थाप मारली. प्रकाशकानं नव्या सचित्र आवृत्तीतल्या एका चित्राचा फक्त कोपरा फोनवर पाठवला होता. त्यात दोर धरलेला ओला हात दिसत होता. पुस्तकाचं नाव बाराला कळणार होतं.

"छे, खलाशांची असणार," दुकानदार शेणोलीकर म्हणाले. "पण चित्रं कुणाची?"

"कुणाची का असेनात, रेषेत जीव आहे. असं काढणारं सांगलीत तरी कुणी नाही."

समोर बसलेल्या मंदाकिनीबाईंनी चहाचा रिकामा कप तोंडाला लावला. चित्रकला शिकवून निवृत्त झाल्यावर आठ महिने खपून त्यांनीच ती चित्रं काढली होती, आणि बारापर्यंत गप्प राहायचा शब्द दिला होता.

बाराला तिघांचेही फोन एकदम वाजले. कादंबरी बुडालेल्या गावाचीच होती, पण पैज जिंकल्याचं सरांच्या ध्यानातच आलं नाही. चित्रकाराचं नाव वाचून ते बाईंकडे बघतच राहिले.

"अहो बाई, मघापासून इथं बसून ऐकत होतात?"

"कान तृप्त झाले, सर!"

आपल्या पुस्तकांवर पेन्सिलची रेघही खपवून न घेणारे सर म्हणाले, "पुस्तक आलं की पहिली सही माझ्या प्रतीवर. चांगली पानभर करा!"