डावी कळी

"आई, नीट ध्यानात ठेव हां. देवीच्या उजव्या खांद्याची कळी पडली तर अर्थशास्त्र, डाव्या खांद्याची पडली तर समाजशास्त्र. उलटंपालटं करू नको बाई!"

पोशीरच्या गावदेवीच्या पायऱ्यांशी हर्षला मोबाइल उंच धरून रेंज शोधत होती. कर्जतच्या कॉलेजात ती मानसशास्त्र शिकत होती. त्याच्या जोडीला आणखी एक विषय घ्यावा लागतो, त्याला मायनर म्हणतात, आणि त्याचा फॉर्म आज पाच वाजता बंद होणार होता. आठ दिवस पोरीचं नुसतं तळ्यात-मळ्यात चाललेलं. अर्थशास्त्र घेतलं तर बँकेच्या परीक्षा देता येतील, घर लवकर सावरेल. समाजशास्त्र घेतलं तर पुढे इस्पितळात काम करता येईल, बाबांसारख्या आजाऱ्यांत. सर म्हणाले, दोन्ही चांगले. शेवटी आज सकाळी तिने हात टेकले. माणसाच्या मनाचं शास्त्र शिकणारी पोर, आणि स्वतःचं मन कळेना म्हणून कौल लावायला निघाली. आता हसावं की काय करावं!

पण कौल मागायचा तो घरातल्या मोठ्या माणसाने. मोठं माणूस, म्हणजे तिचा बाप सुनील, खालच्या पायरीवर बसला होता. गवंडी माणूस. कळंबकडच्या कितीतरी रिसॉर्टांच्या भिंती त्याच्या हातच्या. दोन वर्षं झाली, तो आपल्या तळहातांकडे बघत बसतो. डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत, झोप लागते, ताटात वाढलेलं खातो. बोलत मात्र नाही, महिन्याकाठी एखादा शब्द. म्हणून त्याची बायको जनाच चपला काढून आत गेली.

येसाजी गुरवाने तगरीच्या दोन कळ्या पाण्यात बुडवल्या आणि देवीच्या शेंदरावर हलकेच चिकटवल्या, दोन खांद्यांवर दोन.

"उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाय," तो सवयीने म्हणाला.

"पोरीचं जरा येगळं हाय, मामा. दोन इषयांतला एक..."

"मला नको सांगू. तुझं आन देवीचं. मनात धर. पण एकच इचारायचं हां, आन एकदा कळी पडली की परत लावायची नाय."

जनाने हात जोडले, डोळे मिटले. पोरीचं बोलणं तिला पाठ होतं. उजवी अर्थशास्त्र, डावी समाजशास्त्र. येताना वाटभर तेच घोकत आली होती. "माये, माझ्या पोरीला..." एवढं तिने मनात म्हटलंसुद्धा. आणि मग काय झालं कुणास ठाऊक, दोन वर्षं छातीत दाबून ठेवलेलं तेच वर आलं.

ते बरे होतील का गं माये? पयल्यासारखे बोलतील का?

जना घाबरली. हे विचारायची तिची कधी छातीच झाली नव्हती. नको, नको, हे नाय, पोरीचं इचारायचंय, असं म्हणत तिने घाईघाईने डोळे उघडले. तेवढ्यात डावी कळी सुटली, शेंदरावरून घसरली आणि देवीच्या पायाशी पडली.

"झाला कौल," येसाजी म्हणाला. त्याने कळी उचलून तिच्या हातात दिली.

"मामा, परत लावा ना. तुमच्या पाया पडते. माझं चुकलं."

"चुकलं कसं? मनात होतं तेच धरलंस ना?"

डावी पडली म्हणजे नाय. कळी मुठीत धरून ती कशीबशी बाहेर आली.

"कुठली गं?" हर्षला धावत आली.

"डावी."

खोटं बोलावं असं तिच्या मनात येऊन गेलं होतं, नाही असं नाही. पण उजवी म्हणावं, तर आत येसाजी उभा.

"समाजशास्त्र!" हर्षलाने टाळीच वाजवली. "मला वाटतच होतं गं! बघ आई, देवीच्या पण मनात हाय. बाबांना मीच बरं करायचं."

थांब गं, हे जनाच्या ओठांपर्यंत आलं. पण थांब म्हटलं की पोर विचारणार, का? आणि मग काय सांगायचं? तिच्या डोळ्यांदेखत पोरीचं बोट मोबाइलवर टेकलं.

"झालं! आता काय बदलता येत नाय," हर्षला म्हणाली आणि देवीच्या पाया पडायला पायऱ्या चढून आत पळाली.

जना सुनीलच्या शेजारी जाऊन बसली. तिने मूठ उघडली. कळी थोडी चुरगळली होती, देठाला शेंदूर लागला होता.

सुनीलने मान वळवली. बराच वेळ तो कळीकडे बघत राहिला.

"काय इचारलंस?"

महिनाभरात पहिल्यांदा त्याच्या तोंडून शब्द फुटला होता, आणि फुटला तो हा.

"पोरीच्या कालेजचं," ती म्हणाली.

"मंग?"

"चांगला आला कौल."

त्याने मान हलवली. मग तिच्या हातातली कळी उचलून स्वतःच्या तळव्यावर ठेवली, आणि त्या कळीकडे बघत बसला.