दोन सेंटिमीटर

सोनोग्राफीच्या पडद्यावर बाळाच्या मांडीचं हाड उमटलं तसा रत्नमालानं श्वास रोखला. उशाशी उभ्या असलेल्या दगडाबाईंनी, तिच्या सासूनं, पदर तोंडाला लावला.

पाचव्या महिन्यात बाळाच्या पाठीच्या मणक्यात फट दिसली होती. जन्मल्याबरोबर ऑपरेशन करायचं ठरलं होतं. पण त्यासाठी बाळाच्या अंगात जीव हवा, आणि मागच्या खेपेला यंत्रानं वजन फारच कमी दाखवलं. आज वाढ दिसली नाही, तर लगेच, बत्तिसाव्या आठवड्यातच सिझेरियन. मांडीचं हाड आखूड आहे म्हटल्यापासून दगडाबाईंनी सुनेला मांडी घालून जेवूसुद्धा दिलं नव्हतं. करमाडच्या त्या घरात दोन आठवडे फक्त तिलाच खुर्चीवर ताट मिळत होतं.

"मांडी तीन आठवडे मागं. डोकंही लहानच," डॉ. सुलेखा म्हणाल्या.

"म्हणजे आजच काढणार?"

"थांब गं. मणक्याला फट असली की बाळाची मांडी, डोकं बऱ्याचदा लहान भरतं. मग यंत्रही वजन कमी धरतं. यंत्रातला तक्ता इतर बाळांचा आहे. मी हे बाळ याच्याच मागच्या मापाशी ताडून बघते."

त्यांनी जुना कागद शेजारी ठेवला आणि पडद्यावर बाळाच्या पोटाचा घेर मोजला. पुन्हा मोजला. वाढलास तर बरं बाळा, नाहीतर गाठ माझ्याशी आहे, रत्नमालानं मनातल्या मनात दम भरला.

"दोन सेंटिमीटरनं वाढलाय घेर. आपल्या चालीनं चाललंय. राहू दे अजून पोटात."

रत्नमालाला रडू फुटलं. तिनं डोळे पुसलेही नाहीत.

"मॅडम," दगडाबाई पुढं झाल्या, "डोकं किती भरलं?"

"सत्तावीस सेंटिमीटर."

"मला ते कळत नाय. इथं दावा." त्यांनी पदर पुढं केला. डॉक्टरांनी टेबलावरची टेप काठाला लावून बोट ठेवलं. बाईंनी तिथं गाठ मारली. "टोपडं शिवाया घेते आजच."

"आत्याबाई, जन्माआधी बाळाचं काही शिवत नसतात. तुम्हीच म्हणता."

"दुखणं आधी कळलेलं चालतंय," दगडाबाईंनी गाठ ओढून घट्ट केली, "मंग टोपडं आधी शिवलं तर काय बिघडलं?"